कोळी कुठल्या घरचा

ज्या काळात प्रश्नाचं उत्तर यायला महिना-दोन महिने लागले तरी कोणी घायकुतीला येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा उत्तर माहीत नसलं की माणसं उठून दुसऱ्याकडे जात, जिने चढत, चार दारं ठोठावत. उत्तर मिळालं नाही तरी निदान चहा मिळे.

एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवणारे एक सर होते. शाळेत आणखीही सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर हेच येत. त्याला कारण त्यांची एक सवय. उत्तर येत नसलं की बाकीचे शिक्षक 'ते पुढच्या वर्षी आहे' असं सांगून मोकळे होत. आपले सर 'सांगतो' म्हणत आणि खरोखर सांगत. त्यासाठी मग वाचनालयात दुपार घालवावी लागो, नाहीतर सुताराच्या दुकानात भुशात बसावं लागो. मुलांचा त्या 'सांगतो'वर पूर्ण भरवसा होता, आणि सरांचाही सगळा जीव त्यातच होता. मिरवण्यासारखं दुसरं त्यांच्यापाशी काही नव्हतंच.

त्या वर्षी सर सातवीला घेऊन गावाबाहेरच्या जंगलात गेले. आदल्याच आठवड्यात त्यांनी प्राण्यांचं वर्गीकरण शिकवलं होतं. कुळ म्हणजे काय, तर आडनाव समजा, असं सांगून त्यांनी वर्गाला खूश केलं होतं. त्यामुळे मुलं वाटेत दिसेल त्या किड्याला आडनाव विचारत चालली होती. सर सांगत होते. फुलपाखरं झाली, मुंग्या झाल्या, गोगलगाईसुद्धा झाली. सरांची चाल जराशी ऐटबाज झाली. आणि मग एका जुन्या झाडाच्या मुळांपाशी एक मुलगी थांबली.

या मुलीला वर्गात 'कशावरून' म्हणत. पृथ्वी गोल आहे म्हटलं की ती हात वर करून 'कशावरून?' असं विचारी, आणि आज सोमवार आहे म्हटलं तरी तेच विचारी. तिच्यामुळे गणिताच्या बाईंना डोकेदुखी जडली होती, असं गणिताच्या बाईच सांगत. सरांची मात्र ती लाडकी होती, कारण तिच्या प्रश्नामागे खोडी नसायची. तिला खरंच कळून घ्यायचं असायचं.

दोन मुळांच्या बेचक्यात चादर ताणून बांधावी तसं जाळं होतं, आणि त्याच्या खालच्या बाजूला एक लांब पायांचा छोटा कोळी उलटा लटकून चालत होता. पाठ जमिनीकडे, पोट आभाळाकडे. छताला पाय लावून चालणाऱ्या माणसासारखा, आणि तरीही अगदी निवांत.

"सर, याचं आडनाव काय?"

सरांनी चष्मा पुसला. गोल जाळं विणणारे कोळी त्यांना ठाऊक होते, उड्या मारणारे ठाऊक होते, जाळं न बांधता शिकार करत हिंडणारेही ठाऊक होते. हा त्यांतला कोणीच नव्हता. सगळा वर्ग गोळा होऊन बघत होता.

"सांगतो," सर म्हणाले. "तुम्ही शाळा सोडायच्या आत सांगतो."

शाळा सातवीपर्यंतच होती. वर्ष संपलं की ही मुलं चार दिशांना चार शाळांत जाणार होती. पण वर्ष संपायला तेव्हा बराच अवकाश होता, आणि अवकाश असला की माणूस उदारपणे मुदती देतो.

कोळी एका बरणीतून घरी आला. आजच्या मुलांनी असं काही करू नये, जंगलातलं जंगलात राहू द्यावं. पण तेव्हा सरांना ते सुचलं नाही. त्यांना त्या क्षणी फक्त बरणी सुचली होती, आणि ती साखरेची होती. घरी परतल्यावर सरांच्या बायकोनं विचारलं की साखर कुठे आहे. सरांनी ती सहलीला नेलेल्या पिशवीत ओतली असल्याचं सांगितलं. ती पिशवी एका मुलाबरोबर त्याच्या घरी गेली होती. प्रकरणाची सुरुवात ही अशी झाली.

वाचनालयातून सरांनी कोळ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात कुळ ओळखायची सोपी पद्धत दिली होती. सोपी म्हणजे अशी, की डोळे दोन ओळींत असतील तर अमुक पानावर जा. तिथे लिहिलं होतं की धागा लोकरीसारखा पिंजलेला असेल तर तमुक पानावर परत या. डोळ्यांवरून पाहिलं तर कोळी एका घरचा निघे, धाग्यावरून पाहिलं तर दुसऱ्या घरचा. नखांवरून पाहायला गेलं तर पुस्तक सरांनाच प्रश्न विचारू लागे. पुढे-मागे पानं उलटून सर फिरून फिरून त्याच पानावर येत. शेवटी बायकोनं पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतलं आणि जेवायला वाढलं.

मग सर बरणी घेऊन शहरातल्या संग्रहालयात गेले. कीटक विभागातल्या कारकुनानं बरणी उजेडात धरली आणि शांतपणे पाय मोजले.

"आठ आहेत. आमच्याकडे सहापर्यंतच."

त्यानं वर जायला सांगितलं. वरच्या मजल्यावर खेकडे आणि शंखशिंपले होते. हा समुद्रातला असल्यास बघता येईल, असं तिथल्या बाईंनी आपुलकीनं सांगितलं. कोळ्यांचे तज्ज्ञ आहेत, पण ते गुरुवारी बसतात, आणि त्यांच्यासाठी आधी अर्ज भरावा लागतो. अर्जात प्राण्याचं कुळ लिहायची जागा होती. तेच विचारायला आलो आहोत, असं सर म्हणाले. मग कुळ कळल्यावर भरून आणा, अर्धवट अर्ज आम्ही घेत नाही, असं उत्तर मिळालं. सर हे ऐकून जिन्यावर बसले. पुढे गुरुवारी ते गेले आणि त्या जागेत 'कोळी' असं लिहून मोकळे झाले. ते कोणीही वाचलं नाही.

तज्ज्ञ म्हणजे वाकलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. हे पिल्लू आहे, म्हणाले, एवढंसं. यात काही नीट दिसायचं नाही. मोठं झालं की आणा. "पूर्ण वाढलेलं हवं, आणि माझ्या भिंगाखाली स्वस्थ पडलेलं हवं."

सरांनी दोन्ही अटी आनंदानं मान्य केल्या. मुलं वाढवणं आणि त्यांना स्वस्थ बसवणं हाच तर त्यांचा धंदा होता. सातवीचा वर्ग जो माणूस गप्प बसवू शकतो, त्याला एका कोळ्याची काय पत्रास, असा विचार करत ते घरी आले. आता या वाक्यातला 'स्वस्थ' म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण त्यासाठी माणूस शिक्षक असता कामा नये.

कोळी वाढवायचा तर त्याला जिवंत किडे लागतात. सरांचं घर म्हणजे लखलखीत. बायको दिवसातून दोनदा केर काढी, आणि एखादी माशी चुकून आत आलीच तर शरमून बाहेर जाई. तेव्हा सरांनी सरळ समोरच्या काकूंचं दार वाजवलं आणि नम्रपणे विचारलं, "काकू, तुमच्याकडे झुरळं आहेत का?"

काकूंचा चेहरा असा झाला की सरांना पुढचं शास्त्रीय स्पष्टीकरण देता आलं नाही. झुरळ हे एखाद्या घरात असू शकतं, पण ते असल्याचं कबूल करणारं घर अजून बांधलं गेलेलं नाही. काकूंनी दार लावून घेतलं. संध्याकाळी जिन्यात त्या सरांच्या बायकोजवळून मान फिरवून निघून गेल्या. सबंध इमारतीत एवढीच बातमी पोचली की सर दारोदार लोकांची स्वयंपाकघरं तपासत फिरताहेत. शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्यानं गोदामाची किल्लीच सरांच्या हातात दिली आणि म्हणाला, हवी तेवढी न्या. त्या दिवसापासून सर रोज शाळा सुटल्यावर हातात काडेपेटी घेऊन गोदामात शिरत. शाळेतले पालक तिथं सामान घ्यायला येत, आणि पोत्यांमागून बाहेर येणाऱ्या सरांना नमस्कार करत. सर काडेपेटीसकट नमस्कार परत करत.

बरणीत कोळी जाळं बांधेना. काच गुळगुळीत, पाय टिकेना. मग तो न्हाणीघरातल्या फळीवर गेला, तिथून गच्चीतल्या कुंड्यांमागे गेला आणि एक दिवस तिथूनही नाहीसा झाला. सरांनी सबंध घर पालथं घातलं. तो सापडला आतल्या खोलीत. भिंत आणि बायकोचं कपड्यांचं कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात त्यानं छान चादर ताणली होती. तिचं एक टोक भिंतीला होतं आणि दुसरं कपाटाच्या दाराला. दार उघडलं असतं तर सगळं जाळं फाटलं असतं.

"उघडू नकोस," सर म्हणाले.

"कपाट माझं आहे," बायको म्हणाली.

"अगं, थोडेच दिवस."

त्यानंतर पंधरवड्यातच तिच्या भाचीचं लग्न होतं, आणि ठेवणीतले सगळे कपडे त्या कपाटात होते. शेवटी तिनं काकूंकडे जाऊन पडतं घेतलं, आणि त्यांची साडी नेसून ती लग्नाला गेली. काकूही त्याच लग्नाला होत्या. आपल्या साडीवर ती काही सांडत नाही ना, हे पाहायला त्या पंगतीत तिच्या समोरच बसल्या. घरी आल्यावर बायकोनं सरांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. लग्न होऊन बरीच वर्षं झालेल्या माणसांना यातलं गांभीर्य समजेल.

वरच्या मजल्यावरचे वकील मुद्दाम जाळं पाहून गेले. या कोळ्याचं कुळ शोधायचं आहे, असं सरांनी सांगताच ते भुवया उंचावून म्हणाले, "शोधू नका. एकदा कुळ लागलं की घरातून निघत नाही, एवढं मी कोर्टात पाहिलंय." आणि आपल्याच बोलण्यावर हसत जिना चढून गेले.

वर्गात मात्र रोज पहिल्या तासाला कोळ्याची खुशाली विचारली जाई. काय खाल्लं, किती वाढला, आज उलटा होता का सुलटा. रविवारी मुलं टोळीनं घरी येत, कपाटासमोर ओळीनं मांडी घालून बसत आणि कुजबुजत. ज्या वर्गाला गप्प करायला सरांना डस्टर आपटावं लागे, तो वर्ग एका कोळ्यापुढे आपण होऊन गप्प बसे. बायको दारातून पाहत राही. त्या घरात त्यांचं स्वतःचं मूल नव्हतं. ही गोष्ट दोघं कधी बोलून दाखवत नसत, पण रविवारी तिनं कधी मुलांना चिवड्या-लाडवांवाचून परत पाठवलं नाही. कपाट अडल्याची तक्रारही ती रविवारी करत नसे.

आणि मग दोन गोष्टी एकदम झाल्या. 'कशावरून'च्या वडिलांची बदली ठरली. बदलीचीच नोकरी त्यांची. वर्ष संपताच ते कुटुंब गाव सोडणार होतं. आणि कोळ्यानं खाणं टाकलं.

वाण्याच्या गोदामातलं सर्वांत ताजं झुरळ समोर ठेवलं तरी तो हलेना. सर काळजीनं वाळले. काकूंनी, आता राग विसरून, त्याला हवापालट सुचवला. वकिलांनी सुचवलं की त्याला कंटाळा आला असेल. सरांनी जाड पुस्तक पुन्हा आणलं, पण त्यात कोळी ओळखावा कसा एवढंच होतं. तो रुसला तर काय करावं, यावर एक ओळ नव्हती. वार्षिक परीक्षा सुरू झाली. सर पर्यवेक्षण करताना खिडकीबाहेर पाहू लागले, आणि मुलांनी मात्र, हे नोंदवायला हवं, त्या संधीचा फायदा घेतला नाही.

एका दुपारी सर घरी आले तेव्हा बायको कपाटासमोर जमिनीवर बसली होती. हातात केरसुणी तशीच.

"ओरडू नका," ती म्हणाली. "ती बरी आहे."

'तो'ची 'ती' कधी झाली, हे सरांनी विचारलं नाही. जाळ्याखाली कोळी लटकला होता, आधीपेक्षा मोठा, ओलसर, फिकट. आणि त्याच्या शेजारी त्याचाच पोकळ देह लटकत होता.

"आधी पाठ उघडली, डबीच्या झाकणासारखी," बायको सांगू लागली. "मग एकेक पाय काढला. हातमोज्यातून बोटं काढावीत ना, तसा. एक पाय अडकला होता. मला वाटलं, जाते आता ही. मी इथंच बसून राहिले. दूध उतू गेलं असेल, बघा."

दूध उतू गेलं होतं. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

पुढच्या गुरुवारी सर कोळ्याला घेऊन संग्रहालयात गेले. तज्ज्ञांनी बरणी पाहिली, मोठी मादी आहे म्हणून समाधान दाखवलं, आणि टेबलाच्या खणातून स्पिरिटची बाटली काढली. झाकण उघडलं. तो वास आला तेव्हा कुठे सरांना 'स्वस्थ' या शब्दाचा अर्थ कळला.

"थांबा," सर म्हणाले.

"का?"

सरांनी बरणी आपल्याकडे ओढली. तज्ज्ञ चिडले. जिवंत कोळी भिंगाखाली राहत नाही, हलणाऱ्या पायाची नखं मोजता येत नाहीत. मग कुळ ठरवायचं तरी कसं, असा त्यांचा रास्त सवाल होता. सरांपुढे एका बाजूला सगळ्या वर्गाला दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला बरणीत पाय रोवू पाहणारी ती. त्यांनी बरणी छातीशी धरली, आभार मानले आणि बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा आपण 'सांगतो' म्हणालो आणि सांगणार नाही, हे मुलांना कसं सांगायचं, याची वाक्यं ते घरापर्यंत जुळवत होते. एकही जुळलं नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली आणि कानातल्यांची डबी घेऊन आली. आत कापसावर ती कात होती. पाय, नखं, सगळं जागच्या जागी.

"हिला नाही मारायचं ना? मग हे दाखवा. ही तर स्वस्थच आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी तज्ज्ञांनी कात पाण्याच्या थेंबात भिजवली, उलगडली, भिंगाखाली ठेवली, आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. डोळ्यांच्या जागा तशाच होत्या. नखं होती. धागा पिंजायची मागच्या पायावरची फणी होती, आणि पोटाखालची चाळणीसारखी पट्टीही. जात सांगायला सबंध देह लागतो, ते म्हणाले, पण कुळ सांगतो. नाव त्यांनी सावकाश उच्चारलं: सेक्रिडी. जंगलात राहणारं कुळ. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. लोकरीचा धागा पाहून जुन्या लोकांनी याला एका घराशेजारी बसवलं, डोळे पाहून पुढच्यांनी दुसऱ्या घराच्या नात्यात नेलं. नातीगोती अजूनही पुरती ठरलेली नाहीत, ते म्हणाले. उद्या कोणी आणखी नीट पाहिलं तर पुन्हा बदलतील.

शाळेच्या शेवटच्या दिवशी सरांनी वर्गाला हे सगळं सांगितलं. फळ्यावर आठ डोळे काढले, फणी काढली, चाळणी काढली. 'कशावरून'नं एकेका खुणेला तिचा तो प्रश्न विचारला आणि सरांनी एकेका खुणेचं उत्तर दिलं. शेवटची घंटा होऊन गेली. मग ती म्हणाली, "पण सर, उद्या नाती बदलली तर आम्हाला कसं कळणार? आम्ही इथं नसू."

"कळवीन," सर म्हणाले. "पत्ते देऊन ठेवा."

मुलांनी एकेक करून फळ्यावर पत्ते लिहिले. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं, आठ डोळ्यांच्या अवतीभोवती. शेवटी तिची पाळी आली. तिनं खडू घेतला आणि आपल्या नावापुढे लिहिलं, 'अजून ठरलं नाही.'

सर पुढे आले, तिच्या हातून खडू घेतला आणि त्या ओळीखाली नीट अक्षरात लिहिलं: 'तोपर्यंत, द्वारा सर,' आणि आपल्या घराचा पूर्ण पत्ता.

त्या रविवारी सगळे मिळून कोळ्याला जंगलात सोडून आले. जागा सरांच्या बायकोनं निवडली. पहिली दमट म्हणून नाकारली, दुसरीत मुंग्या होत्या. तिसऱ्या जागी, मुळांच्या बेचक्यात, बरणी आडवी केल्यावर ती बाहेर यायला इतका वेळ लावू लागली की बायको म्हणाली, "जा गं आता." घरी येताच बायकोनं कपाट उघडलं, सगळे कपडे उन्हात टाकले आणि सरांना सांगितलं की कोपरा झाडून घ्या.

आता सर खूप म्हातारे झाले आहेत. काकू मुलाकडे गेल्या, वकील गेले, वाण्याचं गोदाम पाडून तिथं दुसरंच काही उभं राहिलं. इमारतीतली जुनी बिऱ्हाडं एकेक करून उठली. जिना गुडघ्यांना झेपत नाही, नळाला पाणी धड येत नाही, आणि नात्यातली मुलं दर भेटीत म्हणतात, की अहो, आता तरी ही जागा सोडा, खालच्या मजल्यावर चांगलं घर बघू.

सर आणि त्यांची बायको एकमेकांकडे पाहतात. उत्तर देते ती बायकोच.

"नाही हो जमायचं. हा पत्ता दिलेला आहे."